हरणाऱ्या संघाशीं इमान

विजयी संघाचा अभिमान बाळगण्यास मनुष्याला फारसे कष्ट पडत नाहींत. विजयाच्या मागून वाजंत्री असते, वर्तमानपत्रांतील ठळक मथळे असतात, आणि रस्त्यांत भेटणारा परका मनुष्यहि त्या दिवसापुरता आप्त होतो. परंतु जो संघ वर्षानुवर्षें हरत आला आहे, त्याचा मोसम सुरू झाला म्हणजे पुनः आशेनें कान टवकारून बसणारे लोक प्रत्येक गांवांत असतात. त्यांची थट्टा होते. तेहि स्वतःची थट्टा करून घेतात. प्रत्येक पराभवानंतर 'आतां पुरे' अशी प्रतिज्ञा करतात, आणि पुढील सामन्याची तारीख मात्र त्यांना तोंडपाठ असते. हा निव्वळ वेडेपणा आहे, कीं त्यांत मनुष्यस्वभावाचें कांहीं मर्म दडलेलें आहे, हें पाहण्यासारखें आहे.

इंग्लंडांत हा प्रश्न फुटबॉलच्या निमित्तानें नेहमीं निघतो. मँचेस्टर सिटी हा पुढें अतिशय श्रीमंत व यशस्वी म्हणून गाजलेला संघ १९९८-९९ च्या मोसमांत घसरत घसरत तिसऱ्या पायरीच्या स्पर्धेंत जाऊन पोंचला होता. तरी त्याचें मैदान हजारों माणसांनीं भरतच असे. महाराष्ट्रांत हीच व्यथा पाहावयाची असेल, तर ती फुटबॉलपेक्षां क्रिकेटच्या मैदानावर अधिक स्पष्ट दिसते. आणि तिचें स्वरूप नीट समजून घेण्यास रत्नागिरीसारखें ठिकाण नाहीं.

रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ सालीं सुरू झाली. महाराष्ट्र राज्यांतून तिच्यांत तीन संघ उतरतात : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. मुंबईचा परिसर आणि विदर्भ वगळल्यावर जे जिल्हे उरतात, त्यांचा संघ तो महाराष्ट्राचा संघ. त्याचें मुख्य ठाणें पुणें. रत्नागिरी जिल्हा याच संघांत मोडतो. कागदोपत्रीं हें सरळ आहे. पण भूगोल आणि पोट यांचा ओढा निराळा. रत्नागिरीहून पुण्यास जावयाचें म्हणजे सह्याद्रीचा घाट चढावा लागतो. मुंबईस जाण्यास पूर्वीं आगबोट होती, पुढें मोटारी आल्या, आणि १९९८ पासून कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धांवूं लागली. येथील बहुतेक घरांतून एक तरी मनुष्य मुंबईस नोकरीला गेलेला असतो. मनिऑर्डर मुंबईची, ट्रंकेंतील खाऊ मुंबईचा, आणि त्यांच्याबरोबर मुंबईच्या क्रिकेटचा अभिमानहि घरांत येतो. राजापुरांत १९५६ सालीं जन्मलेले दिलीप वेंगसरकर हेहि रणजी सामने खेळले ते मुंबईकडून.

अशा स्थितींत ज्या घरानें महाराष्ट्राचा पक्ष धरला, त्यानें तो डोळे उघडे ठेवून धरला असें म्हणावें लागतें. जिंकणारा संघ त्याच्या दाराशीं उभा होता. नुसतें 'या' म्हणण्याचा अवकाश होता. २०२३-२४ च्या मोसमापर्यंत मुंबईनें हा करंडक ४२ वेळां जिंकला. महाराष्ट्रानें दोनदां, आणि त्यांतील दुसरा विजय १९४०-४१ सालचा आहे. तेव्हांपासून २०२४-२५ च्या मोसमापर्यंतचीं ८४ वर्षें कोरडीं गेलीं.

शिमग्याला पालखी नाचविण्यासाठीं चाकरमानी गांवीं येतो, तेव्हां रणजीचा मोसम संपलेला किंवा संपत आलेला असतो. रात्रीं जेवणें आटोपल्यावर दोघे भाऊ ओटीवर बसतात. मुंबईकर धाकटा भाऊ सुपारी कातरतां कातरतां सहज विचारतो, "काय दादा, यंदा तुमचे कुठवर पोंचले ?" प्रश्न साधा असतो; परंतु त्यांतील 'तुमचे' हा शब्द बरोबर जाऊन बसावयाचा तेथें बसतो. थोरला भाऊ उत्तर देतो तें बहुधा इतिहासांतून. हरणाऱ्या संघाच्या माणसाला इतिहास पाठ असावाच लागतो. वर्तमानकाळ त्याच्या उपयोगी पडत नाहीं.

आणि तो इतिहास हलका नाहीं. प्रा. दिनकर बळवंत देवधर हे पुण्यास संस्कृत शिकविणारे प्राध्यापक. संघाचे नायक तेच. त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० सालीं पुण्यास संयुक्त प्रांताचा, आणि पुढच्याच मोसमांत मद्रास येथें मद्रासचा पराभव करून करंडक लागोपाठ दोनदां मिळविला. सांगलीस जन्मलेल्या विजय हजारे यांनीं १९३९-४० च्या मोसमांत बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धांवा काढल्या. १९४०-४१ सालीं मुंबईशीं गांठ पडली तेव्हां महाराष्ट्रानें ६७५ धांवांचा डोंगर रचला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेल्या देवधरांचा त्यांत २४६ धांवांचा वाटा होता. मुंबईनें चिकाटीनें ६५० पर्यंत मजल मारली, आणि अवघ्या २५ धांवांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढें गेला. ज्यांनीं तें वैभव पाहिलें त्यांना पुढील काळ किती लांबणार आहे, याची कल्पना येणें शक्य नव्हतें.

उतरणीचा आरंभहि थाटाचाच झाला. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर यांनीं नाबाद ४४३ धांवा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ धांवांचा जागतिक विक्रम नऊ धांवांवर आला होता. तेवढ्यांत काठेवाडच्या संघानें आणखी शोभा नको म्हणून सामना सोडून दिला आणि गाडी धरली. इतका मोठा डाव खेळणाऱ्या या फलंदाजाला भारताकडून एकहि अधिकृत कसोटी सामना पुढें मिळाला नाहीं. त्याच मोसमांत, मार्च १९४९ मध्यें, उपान्त्य सामन्यांत पुण्यासच मुंबईशीं गांठ पडली. मुंबईनें ६५१ व ८ बाद ७१४ धांवा केल्या. महाराष्ट्रानें ४०७ व ६०४. एका सामन्यांत एकूण २,३७६ धांवा आणि नऊ शतकें ! सामना सात दिवस चालला. चौथ्या डावांत सहाशेंवर धांवा काढणें ही कोणत्याहि संघाला भूषणावह गोष्ट आहे. पण त्या धांवा काढून महाराष्ट्र ३५४ धांवांनीं हरला.

पुढें हेंच सूत्र पुनः पुनः दिसतें. १९७०-७१ सालीं अंतिम सामन्यांत प्रतिपक्षी मुंबई. तिचे वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर असे मोहरे भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजमध्यें गेलेले. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालीं उरलेला संघ उतरला, आणि तरी करंडक मुंबईकडेच राहिला. १९९२-९३ सालीं पुनः अंतिम सामना. तो पंजाबनें जिंकला. मग २०१३-१४. त्या वर्षीं महाराष्ट्र खालच्या गटांतून वर आला होता. उपान्त्यपूर्व सामना मुंबईशीं, आणि तोहि वानखेडे मैदानावर. केदार जाधव नाबाद १२० आणि विजय झोल नाबाद ९१; महाराष्ट्र आठ गडी राखून जिंकला. त्या दिवशीं रत्नागिरींतील थोरल्या भावांनीं मुंबईस किती दूरध्वनि केले असतील, त्याची मोजदाद कोणी केलेली नाहीं. पुढचाहि सामना जिंकला. फेब्रुवारी २०१४ मध्यें हैदराबाद येथें अंतिम सामना झाला, आणि कर्नाटक सात गडी राखून विजयी झाला.

हा संघ हरतो तरी कां, याचीं कारणें शोधूं गेल्यास त्यांत दैवाचा भाग थोडा आणि व्यवस्थेचा अधिक आहे. पहिलें कारण शेजाराचें. पुष्कळ वर्षें ही स्पर्धा विभागवार खेळली जाई, आणि पश्चिम विभागांतून पुढें जावयाचें तर वाटेंत मुंबई उभीच असे. मुंबईनें १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळां करंडक जिंकला. त्या काळांत त्या विभागांत असणें हेंच अर्धें दुर्दैव होतें. दुसरें कारण वस्तीचें. मुंबईंत एका शहरांत मैदानें, क्लब, कचेऱ्यांचे संघ आणि १९४८ पासून भर पावसांत खेळली जाणारी कांगा स्पर्धा, असा सगळा व्याप एकवटलेला आहे. पोराला संध्याकाळीं आगगाडींतून दुसऱ्या मैदानावर जातां येतें. महाराष्ट्राच्या संघाची मुलें नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी अशीं विखुरलेलीं. कोकणांतील होतकरू मुलाला आधीं पावसाळ्याचे चार महिने ओल्या जमिनीनें अडवावयाचें, आणि मग घाटानें. तिसरें कारण सर्वांत बोचरें : घरचीं माणसें बाहेर गेलीं. हजारे बडोद्यास गेले, आणि १९४६-४७ च्या अंतिम सामन्यांत त्यांनीं गुल महंमदबरोबर ५७७ धांवांची भागीदारी केली ती बडोद्यासाठीं. तिचा रणजी स्पर्धेंतील उच्चांक २०१६ सालीं स्वप्निल गुगळे व अंकित बावणे या महाराष्ट्राच्याच जोडीनें दिल्लीविरुद्ध ५९४ धांवा करून मोडला. आणि तो सामना अनिर्णित राहिला!

या शेवटच्या वाक्यांत त्या निष्ठेचें खरें दुखणें आहे. सदासर्वदा दुबळा असलेला संघ मनाला फारसा छळत नाहीं. त्याच्यापासून अपेक्षाच नसते. जो संघ अधूनमधून अलौकिक कांहीं करून दाखवितो आणि ऐन वेळीं हातचें घालवितो, तो छळतो. नोव्हेंबर २०२२ मध्यें ऋतुराज गायकवाड यांनीं विजय हजारे करंडकाच्या सामन्यांत उत्तर प्रदेशाविरुद्ध एका षटकांत सात षटकार मारले. पुढें अंतिम सामन्यांतहि त्यांनीं शतक काढलें, आणि करंडक सौराष्ट्रानें नेला. ज्या हजाऱ्यांनीं आरंभींचें वैभव महाराष्ट्राला दिलें, त्यांच्या नांवाचा करंडकहि हातीं येतां येतां गेला. दुःख पराभवांत थोडें असतें. तें आशेंत फार असतें. पराभव एका दिवसाचा, आशा मात्र वर्षभर उरते.

मनाचा हा व्यापार मानसशास्त्रज्ञांनीं पक्ष्यांवरहि पाहिला आहे. स्किनर या अमेरिकन शास्त्रज्ञानें कबुतरांना चोंचीनें कळ दाबल्यावर दाणा मिळेल अशी योजना केली. ज्यांना प्रत्येक वेळीं दाणा मिळे, त्यांचा दाणा बंद होतांच त्यांनीं कळ लवकर सोडली. ज्यांना केव्हां मिळे, केव्हां न मिळे, तीं मात्र दाणा बंद झाल्यावरहि कितीतरी वेळ कळ दाबीत राहिलीं. नियमानें मिळणाऱ्या फळापेक्षां अनियमानें मिळणारें फळ मनाला अधिक घट्ट बांधून ठेवतें. रत्नागिरीच्या आंबा-बागाईतदाराला हें सांगण्यास शास्त्रज्ञाची गरज नाहीं. मोहोर चांगला येतो. मग एके दिवशीं आभाळ भरून येतें, तुडतुडा पडतो, अवकाळी पाऊस येतो, आणि लगडलेलें झाड पंधरा दिवसांत रिकामें होतें. तो कपाळाला हात लावतो, 'कलमें तोडून टाकतों' म्हणतो, आणि पावसाळा संपतांच पुनः आळीं साफ करूं लागतो. एका सालाची भरलेली बाग त्याला पुढचीं चार सालें पुरते.

परंतु केवळ आशेच्या चटकेनें निष्ठेचा उलगडा पुरता होत नाहीं. तसें असतें तर तिला जुगारच म्हणावें लागलें असतें. जुगारी मनुष्य पैसा लागेल त्या पटावर जाऊन बसतो. हा मनुष्य पट बदलीत नाहीं. शेजारच्या विदर्भाचेंच पाहा. तो संघ महाराष्ट्राच्या पुष्कळ मागून, १९५७-५८ सालीं, या स्पर्धेंत आला. त्यानें २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदां करंडक जिंकला. मराठी माणसाला अभिमान बाळगण्यास तोहि संघ मोकळा होता. रत्नागिरीच्या थोरल्या भावानें विदर्भाचें मनापासून कौतुक केलें; पण आपलें बिऱ्हाड तिकडे हलविलें नाहीं.

येथें १९७६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाची आठवण होते. रॉबर्ट चिआल्डिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचें निरीक्षण केलें. त्यांना असें दिसलें कीं, विद्यापीठाचा फुटबॉल-संघ जिंकला म्हणजे सोमवारीं पुष्कळ विद्यार्थी विद्यापीठाचें नांव असलेले कपडे घालून येतात. संघ हरला म्हणजे तसे थोडे दिसतात. बोलण्यांतहि तोच भेद. विजय असला कीं 'आम्ही जिंकलों'; पराभव असला कीं 'ते हरले'. दुसऱ्याच्या यशाच्या उजेडांत स्वतः उजळून निघावें आणि अपयशाची सांवली अंगावर पडूं नये, ही मनुष्याची सहज प्रवृत्ति आहे.

मराठी भाषेनें हा भेद आणखी एक पायरी पुढें नेला आहे. इंग्रजींत जेथें एक सर्वनाम आहे, तेथें मराठींत दोन आहेत : 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही' म्हणतांना ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हणतांना त्याला आंत घेतलेलें असतें. 'आम्ही जिंकलों' यांत थोडी फुशारकी आहे. 'आपण जिंकलों' यांत आनंदाचें वांटप आहे. परंतु 'आपण हरलों' हें म्हणणें सर्वांत कठीण. कारण त्यांत मिरविण्यासारखें कांहीं नाहीं, आणि तरी बोलणारा दुसऱ्याला जवळ घेऊन तें म्हणतो. संघ कोणाचा, याची कसोटी जिंकल्याच्या दिवशीं लागतच नाहीं. हरल्याच्या रात्रीं कोणाच्या तोंडीं कोणतें सर्वनाम येतें, तें पाहावें.

याचा अर्थ निष्ठावंतानें दोषांकडे डोळेझांक करावी असा नव्हे. उलट, ज्याला दुखतें त्यालाच बोलण्याचा अधिकार असतो. जिल्ह्यांतील मुलांना पुरेसे सामने मिळावे, लहान गांवांतील खेळाडू निवडणाऱ्यांच्या नजरेस पडावा, चांगले फलंदाज व गोलंदाज बाहेर जाण्याचीं कारणें शोधून तीं दूर करावीं, अशी टीका हा मनुष्य करतो, आणि पुष्कळदां कडक शब्दांत करतो. परक्याच्या संघाविषयीं कोणी इतका रागावत नाहीं. जावयाच्या घरांत गळणाऱ्या कौलाकडे पाहून मनुष्य गप्प बसतो. स्वतःच्या घरांत तो शिडी लावतो. वैताग हा निष्ठेचा शत्रु नव्हे. तिचें तें रोजचें बोलणें आहे. निष्ठा संपल्याची खूण वैताग ही नसून बेफिकिरी ही आहे.

आणि हें धन एका पिढींत संपत नाहीं. अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा, क्रिकेटच्या दूरच्या नात्यांतला खेळ आहे. त्यांतील बोस्टनच्या संघानें १९१८ नंतर थेट २००४ सालीं अजिंक्यपद मिळविलें. शिकागोच्या 'कब्ज' नांवाच्या संघाला तर १९०८ नंतर १०८ वर्षें थांबावें लागलें. २०१६ सालीं शिकागोचा संघ जिंकला, तेव्हां लोक खडू घेऊन मैदानाच्या विटांच्या भिंतीपाशीं जमले आणि तिच्यावर नांवें लिहूं लागले. त्यांतील पुष्कळ नांवें त्यांच्या दिवंगत आईबापांचीं व आजोबांचीं होतीं. जीं माणसें जन्मभर त्या संघाच्या मागें राहिलीं आणि विजय न पाहतां गेलीं, त्यांचीं. ज्यांना ही वाट पाहण्याची संवय नाहीं, त्यांना त्या भिंतीचा अर्थ कळणार नाहीं. विजयाच्या क्षणीं त्या लोकांना पहिली आठवण झाली ती आपल्याबरोबर हरलेल्यांची.

रत्नागिरीच्या ओटीवर तोच वारसा चालू आहे. थोरला भाऊ आतां आजोबा झालेला असतो. नातू शाळेंत जातो. त्याच्या वर्गांतील मुलें मुंबईच्या खेळाडूंचीं नांवें पाठीवर लावून हिंडतात. तो घरीं येऊन विचारतो, "आजोबा, आपण जिंकणारा संघ कां धरूं नये ?" प्रश्नांत गैर कांहीं नाहीं, आणि मुलाला बळेंच दुःखाच्या वाटेनें नेण्याचा अधिकार कोणाला नसतो. त्यानें आवडेल तो संघ धरावा. पण आजोबांनीं उत्तर टाळूं नये. त्यांनीं ४४३ ची गोष्ट सांगावी, सात दिवसांच्या सामन्याची सांगावी, आणि शेवटीं आपण हरलों हेंहि, न लपवितां, सांगावें. मूल पुढें संसारांत पडतें. नोकरी, शेती, प्रकृति, मित्र यांपैकीं कोणतीहि गोष्ट ४२ वेळां जिंकत नाहीं. अशा वेळीं यशाबरोबर कपडे बदलणारा मनुष्य त्याला थोडाच उपयोगी पडणार आहे ?

शिमगा संपतो. पालखी सहाणेवरून पुनः देवळांत जाते. चाकरमानी परत जाण्याची तयारी करतो. थोरल्या भावानें अजून त्या प्रश्नाचें सरळ उत्तर दिलेलें नसतें. गाडीची वेळ होते तेव्हां धाकट्याच्या हातीं कोकमाची पिशवी देतां देतां तो म्हणतो, "यंदा आपण गटांतच अडकलों रे. पुढच्या वर्षीं पाहूं." त्या 'आपण' मध्यें तो मुंबईकर भावालाहि धरून टाकतो. धाकटा हसतो, परंतु 'तुमचे' हा शब्द त्या वेळीं तो पुनः उच्चारीत नाहीं.